रोज पाणी घालूनही फर्न का वाळतं? कोल्हापुरातल्या घरांसाठी निदान आणि उपाय

होळी झाली की आमच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमध्ये ही तक्रार ठरलेली. यंदा वरच्या मजल्यावरची शेजारीण बोस्टन फर्नची कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून दारात उभी राहिली. पानांची टोकं करपलेली, बारीक पर्णिकांचा सडा जिन्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत. "काकू, मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो की. एक दिवस चुकवला न्हाई. तरी हे असं का वाळाय लागलंय?"

मी कुंडी हातात घेतली आणि तिथंच निम्मं निदान झालं. कुंडी रिकाम्या डब्यासारखी हलकी होती. वरची माती मात्र ओली, बोट टेकवलं तर बोटाला चिकटणारी. कुंडी आडवी करून मुळांचा गोळा अलगद बाहेर काढला आणि कडेनं थोडा उकलून बघितला. वरचा दीड इंच काळपट, ओला. त्याच्या खाली कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा चुरा, फिकट तपकिरी, कोरडं ठक्क, भुश्श्यासारखं. तिचा रोजचा तांब्या कुंडीच्या आतल्या कडेनं घसरून थेट ताटलीत जात होता. झाड दीड महिना तहानलेलं होतं आणि ताटली रोज भरत होती.

कोकोपीटचा हा गुण माहीत नसला तर फर्न जगवणं फार अवघड जातं. ओलं आहे तोवर ते स्पंजसारखं पाणी धरतं. पण एकदा पुरतं वाळलं की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी आत घेईनासं होतं. म्हणून फर्न वाळायला लागलं की वरची माती बघून काही ठरवू नका. कुंडी उचला. तिचं वजन बघा. जड आहे आणि पानं पिवळी, मऊ पडून लोंबतायत, तर आत पाणी साचलंय. हलकी आहे आणि पानं करड्या हिरव्या रंगाची, कडक, कुरकुरीत झालीत, तर आत कोरडं आहे. पुढचे बहुतेक उपाय या एका फरकावर ठरतात आणि हा फरक न बघता केलेला उपाय नेमका उलटा पडतो. मुळं सडत असलेल्या झाडाला आणखी पाणी घालणारी माणसं मी दर वर्षी बघते, म्हणून इतकं आग्रहानं सांगतेय.

कुंडी हलकी असेल तर

बादलीत पाणी घ्या आणि कुंडी तिच्या काठापर्यंत पाण्यात जाईल अशी बसवा. सुरुवातीला ती तरंगेल, हातानं दाबून धरा. बुडबुडे यायला लागतील. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. फार वाळलेल्या गोळ्याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. मग मोरीत तिरपी ठेवून सगळं पाणी निथळू द्या आणि निथळल्यावर पुन्हा एकदा उचला. हे वजन हातात लक्षात ठेवायचं. पुढं पाणी कधी द्यायचं ते घड्याळावर किंवा वारावर ठरवू नका. भरल्या वजनाच्या मानानं कुंडी हलकी लागायला लागली, वरचा अर्धा इंच सुकला, की पाणी. उन्हाळ्यात आमच्याकडे आठ इंची कुंडीला एक दिवसाआड लागतं, श्रावणात तीच कुंडी सहा-सहा दिवस ओली राहते. पहिल्यांदा बुडवलेली कुंडी दोन दिवसांनी पुन्हा एकदा बुडवा. मधला गाभा एका खेपेत पुरता भिजत नाही.

करपलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत, त्याची वाट बघू नका. पूर्ण वाळलेलं पान बुडापासून कात्रीनं कापा. अर्धं हिरवं असेल तर राहू द्या, झाड अजून त्यावर जगतंय.

बुडवल्यानंतरही टोकं करपत राहिली तर मात्र हवेकडे बघावं लागतं. कोल्हापूरची हवा वर्षात दोन टोकांना जाते. मृगापासून दसऱ्यापर्यंत भिंतींना ओल येईल इतकी दमट आणि महाशिवरात्रीपासून पहिला वळीव पडेपर्यंत कोरडी. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पारा छत्तीस-अडतीसवर जातो, घरात पंखा दिवसभर फिरतो आणि फर्न बहुधा त्या पंख्याच्या खालीच टांगलेलं असतं, कारण ते तिथं छान दिसतं. फर्नचं पान पातळ. मुळं पाणी पोचवतात त्याहून जास्त पाणी पानातून उडून जायला लागलं की सगळ्यात लांबचं टोक आधी वाळतं.

त्यासाठी लोक फवारणीची बाटली आणतात. माझ्या अनुभवात तिचा उपयोग थोडा. पानावरचे थेंब पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटांत उडून जातात आणि हवा होती तशीच कोरडी. त्यापेक्षा झाडाची जागा बदला. आमच्या घरात फर्नचे दोन पत्ते आहेत. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हॉलची पूर्वेची खिडकी, काचेपासून तीन-चार फूट आत. होळीनंतर मोरीजवळचा उजेडाचा कोपरा, जिथं दिवसातून चार वेळा पाणी सांडतं आणि शेजारी पाण्याचा माठ पाझरत असतो. दुसरा उपाय मला याहून खात्रीचा वाटतो. कुंभाराकडून दोन-तीन इंच मोठी मातीची कुंडी आणायची, तिच्यात फर्नची कुंडी बसवायची आणि मधल्या जागेत जाडी वाळू भरून ती ओली ठेवायची. बाहेरची मातीची कुंडी पाणी पाझरत राहते, झाडाभोवती गारवा टिकतो आणि आतल्या कुंडीच्या बाजू तापत नाहीत. मोठ्या कुंडीच्या बुडाला भोक मात्र हवंच.

एसीच्या झोतासमोर फर्न ठेवू नये. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जपून ठेवावं. ते का, ते पुढं येईल.

कोवळा कोंब काय सांगतो

झाड किती धोक्यात आहे हे जुन्या पानांवरून कळत नाही. बुडाशी वाकून बघा. फर्नचं नवीन पान गोगलगाईच्या शंखासारखं गुंडाळलेलं वर येतं, त्यावर बारीक तपकिरी लव असते. हे वळसे टवटवीत आहेत आणि रोज थोडे उलगडतायत, तर बाहेरची दोन-चार पिवळी पानं केवळ म्हातारी झालीत. ती काढा आणि निश्चिंत राहा. वळसे उलगडण्याआधीच काळे पडून वाळत असतील तर आजच कुंडीचं पोट तपासा. एकही कोंब नसेल आणि महिना डिसेंबर-जानेवारी असेल तर घाबरू नका, थंडीत वाढ मंदावते.

आणखी एक. बोस्टन फर्नच्या बुडातून लांब, बारीक, केसाळ दोऱ्या लोंबतात. "हे मूळ बाहेर पडलंय का?", "हा काही रोग का?" असं बरेच जण विचारतात. ते धावते खोड आहे. मातीला टेकलं की तिथून नवीन रोप फुटतं. नको असेल तर कापा, हवं असेल तर शेजारी एक छोटी कुंडी ठेवून त्यात टेकवा. या जातीची गोष्ट गमतीची आहे. १८९४ साली फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या साध्या फर्नच्या मालात एक रोप वेगळं निघालं, पानं जास्त लोंबती, कमानदार. तेच आज आपल्या गॅलऱ्यांतून टांगलेलं असतं.

कुंडी जड असेल तर

ही तक्रार जुलै-ऑगस्टची. पावसाची झड लागते, खिडक्या बंद, उजेड कमी, कपडे तीन दिवस वाळत नाहीत, आणि फर्नला पाणी मात्र उन्हाळ्याच्याच सवयीनं रोज. बुडाची पानं एकदम पिवळी होतात, देठ मऊ पडतात, मातीला आंबूस वास येतो, वर चिलटं उडायला लागतात.

इथं गोळा बाहेर काढून मुळं बघायची, पण एक खबरदारी घ्या. इतर झाडांत निरोगी मूळ पांढरं आणि सडलेलं मूळ तपकिरी असा आपला हिशेब असतो. फर्नची चांगली मुळंसुद्धा गडद तपकिरी, कधी काळपट असतात, तारेसारखी बारीक. रंग बघून अर्धी मुळं छाटून टाकलेली मी पाहिलीत आणि ते झाड मुळं छाटल्यामुळेच गेलं. मूळ चिमटीत धरून दाबा. ताठ, चिवट लागलं तर ते जिवंत आहे, टोकाला फिकट कोवळा भागही दिसेल. दाबल्यावर साल सुटून मऊ लगदा हाती आला तर ते सडलेलं. तेवढंच कापा.

मग गोळा दोन-तीन तास जाड कागदावर ठेवून जादा ओल जाऊ द्या आणि नव्या, मोकळ्या मिश्रणात लावा. कुंडी मोठी घेऊ नका. मुळं कमी झालीत, तेव्हा कुंडीही तेवढीच किंवा एक माप लहान. ताटलीत पाणी उभं राहू देऊ नका. चिलटांसाठी वरचा थर थोडा सुकू द्या आणि शेतात लावतात त्या पिवळ्या चिकट सापळ्याचा तळहाताएवढा तुकडा कुंडीत खोचा.

मिश्रणाबद्दल इथंच सांगते. आपल्याकडची काळी माती उसाला सोन्यासारखी, पण फर्नच्या कुंडीत ती ओली असताना चिखल आणि वाळली की भेग. फर्नची मुळं बारीक आणि वरवरची, त्यांना हवा लागते. मी दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग कोकोपीट, एक भाग विटेचे वाटाण्याएवढे तुकडे आणि कोळसा, वर मूठभर गांडूळखत असं घेते. रोपवाटिकेतून येणारं रोप बहुतेक वेळा काळ्या पिशवीत तांबड्या चिकट मातीच्या गोळ्यात असतं. तो गोळा तसाच कोकोपीटमध्ये पुरला तर आतली माती आणि बाहेरचं मिश्रण कधीच सारखं ओलं होत नाही. लावण्याआधी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची निम्मी माती बोटांनी सैल करून घ्या.

गुऱ्हाळावरचं ताजं चिपाड कुंडीवर पसरायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, कारण ते फुकट मिळतं. फर्नला ते घालू नका. त्यातल्या साखरेनं मुंग्या येतात आणि ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, झाड फिकट पडतं. वर्षभर कुजवलेलं असेल तर चालेल. साखर कारखान्यातल्या ताज्या मळीचंही तसंच, ती कुजताना तापते.

पाणी बरोबर, हवा बरोबर, तरी टोकं तपकिरी

कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खपली दिसतेय का बघा. मातीच्या कुंडीला बाहेरूनही ती फुटते. ते क्षार आहेत. बोअरचं पाणी जड असतं. अनेक अपार्टमेंटमध्ये टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकत्र होतं, त्यामुळे आपण नेमकं काय घालतोय ते कळत नाही. त्यात भर म्हणजे आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी. ते बादलीत साठवून झाडांना घालणं हा विचार चांगला आहे, पण फर्नसाठी ते पाणी सगळ्यात वाईट, कारण यंत्रानं काढून टाकलेले क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. त्यानं फरशी पुसा.

रात्रभर भरून ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीनचा वास जातो हे खरं, पण क्षार तसेच राहतात. फर्नला उत्तम पाणी पावसाचं आणि पाऊस तर आपल्याला देवानं भरभरून दिलाय. गच्चीच्या पन्हळीखाली झाकणाचा एक ड्रम ठेवा. पहिले दोन-तीन पाऊस छत धुऊन जाऊ द्या, मग भरा. झाकण घट्ट बसवा, डासांसाठी. उन्हाळ्यात ते संपलं की एसीच्या नळीचं पाणी. तेही हवेतली वाफ थंड होऊन झालेलं, जवळपास क्षार नसलेलं. दोन्ही नसेल तर महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून तिच्या मापाच्या चार-पाच पट नळाचं पाणी हळूहळू ओतून जाऊ द्या. साचलेले क्षार धुऊन निघतात.

खताचंही हेच. शेतीची सवय असलेल्या घरात १९:१९:१९ या रासायनिक खताची पिशवी हाताशी असते आणि चमचाभर टाकलं जातं. फर्न त्यानं जळतं, टोकं आठवडाभरात काळी पडतात. लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही जून ते सप्टेंबर आणि माती आधीच ओली असताना. वाळत चाललेल्या झाडाला ताकद यावी म्हणून खत देऊ नका.

पानामागचे ठिपके

"पानाच्या मागं कीड लागलीय" म्हणून आणलेल्या फर्नपैकी निम्म्यांना कीड नसतेच. फर्नला फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर बीजाणूंच्या पुंजक्या धरतात. पान उलटं करून उजेडात धरा. ठिपके रांगेत, सारख्या अंतरावर, शिरेच्या दोन्ही बाजूंना मापून ठेवल्यासारखे असतील तर ते बीजाणू. बर्ड्स नेस्ट फर्नमध्ये ठिपक्यांऐवजी मधल्या शिरेकडून तिरक्या जाणाऱ्या तपकिरी रेघा दिसतात. हंसराजात, म्हणजे मेडनहेअर फर्नमध्ये, ते पानाच्या दुमडलेल्या कडेखाली लपलेले असतात. रॉकेल, डेटॉल, साबण काहीही लावू नका. झाड वयात आलंय एवढाच त्याचा अर्थ.

खवले कीड असेल तर ठिपके कुठंही, वेडेवाकडे, देठावर आणि शिरेवरही. नखानं खरवडलं की टरफल निघतं, पान चिकट लागतं. पिठ्या ढेकूण पांढऱ्या कापसासारखा, पानाच्या बेचक्यात. थोडी असेल तर कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा, फार लागलेली पानं कापून टाका. औषध मारायची घाई करू नका. फर्नची पानं कीटकनाशकानं आणि तेलकट फवारणीनं लवकर जळतात. नीम तेलसुद्धा आधी एका पानावर लावून चार दिवस वाट बघा.

हंसराज आणि बर्ड्स नेस्ट

या दोघांची दुखणी वेगळी. बर्ड्स नेस्टच्या मधल्या वाटीत पाणी ओतायचा मोह होतो, ती वाटी दिसतेच तशी. घरात वारा कमी, तिथं पाणी साचून कोंब सडतात. पाणी कडेनं मातीत घाला. पानांवर मोठे, पाणी भरल्यासारखे, कडेनं पिवळे डाग पसरायला लागले तर ती पानं लगेच काढा आणि काही आठवडे पानं अजिबात भिजवू नका.

हंसराजाची माती एकदा वाळली की तो एका दुपारीत कोळपतो. दोन दिवस गावाला जाऊन आलात आणि सगळी पानं चुरचुरीत झाली तर टाकून देऊ नका. सगळी पानं मातीलगत कापा, कुंडी बुडवून निथळवा, सावलीत उजेडाच्या जागी ठेवा आणि माती सतत किंचित ओली राखा. खोड जिवंत असेल तर तीन-चार आठवड्यांत काळ्या तारेसारखे देठ वर येतात. तरीही दर उन्हाळ्यात तेच होत असेल तर लोणच्याची मोठी काचेची बरणी वापरा. तळाशी कोळसा, वर मिश्रण, आत रोप, झाकण किंचित उघडं. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नथॅनियल वॉर्ड या डॉक्टरनं पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीतल्या मातीत फर्न उगवलेलं पाहिलं. त्याच्या बागेतली फर्न धुरानं मरत होती आणि बाटलीतलं मात्र वाढत होतं. त्यावरूनच त्यानं काचेच्या पेट्या केल्या. आपल्या बरणीचं तत्त्व तेच. बरणी उन्हात ठेवू नका, आत भाजून निघेल.

पावसाळ्यात घाटात दरडींवर, विहिरीच्या बांधकामात उगवणारा आपल्याकडचा रानटी हंसराज दसऱ्या-दिवाळीनंतर आपोआप वाळतो. तो मेलेला नसतो, खोड मातीत झोपलेलं असतं. घरात आणलं तरी तो वाळणारच, म्हणून आणूच नये. राधानगरी-दाजीपूर हे तर अभयारण्य आहे, तिथून रोप उपटणं गुन्हाही आहे. दगडावरच्या मुठभर मातीत किती वर्षं काढून त्यानं ती जागा धरलेली असते, ते एकदा जवळून बघा.

कुंडी कधी बदलायची

पाणी घातलं की क्षणात खालून निघून जातंय, बुडवूनही दुसऱ्या दिवशी कुंडी हलकी, आणि गोळा काढला तर माती दिसतच नाही, नुसती मुळांची वीण. मग कुंडी बदलायची वेळ झाली. आपल्याकडे त्याला मृगाचा मुहूर्त चांगला, जूनचा पहिला-दुसरा आठवडा. हवा दमट झालेली असते, जखमा लवकर भरतात. दोन इंच मोठी कुंडी पुरे. झाड फार दाटलं असेल तर धारदार सुरीनं गोळ्याचे दोन भाग करा, दोन्हीकडे कोंब येतील असे. खोड मातीत खोल गाडू नका, आधी होतं त्याच पातळीला.

वरच्या मजल्यावरचं ते बोस्टन फर्न आम्ही असंच जूनमध्ये विभागलं. मार्चमध्ये बुडवून काढल्यावर तीन आठवडे काहीच दिसलं नव्हतं, शेजारणीनं दोनदा विचारलं, "टाकू का हो हे?" मी म्हटलं, कुंडी उचलून बघ, जड आहे ना, मग थांब. एप्रिलच्या मध्यावर पहिला वळसा आला. विभागताना आम्ही दोघींनी मिळून मोजले, अकरा कोंब होते. सहा तिच्या कुंडीत गेले, पाच माझ्या. तिची कुंडी आता मोरीजवळ असते आणि पाणी घालायच्या आधी ती एका हातानं उचलून बघते.